उष्टावण व्हायच्या आधी

माझ्या एकुलत्या एका भाच्याचं उष्टावण सहाव्या महिन्यात व्हायचं ते नवव्यात झालं, आणि त्याला कारण मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझी बाजू घ्यायला नको.

आमच्याकडं पोर सहा महिन्यांचं झालं की मामानं त्याला पहिला घास भरवायचा. नव्या तांदळाची खीर करायची, पोराला मामाच्या मांडीवर बसवायचं, सोन्याची अंगठी खिरीत बुडवून त्याच्या जिभेला लावायची, की झालं उष्टावण. तोवर पोराच्या तोंडाला अन्न लागू द्यायचं नाही. दूध पाजा, गुटी चाटवा, पण अन्न नाही. हा अधिकार बापाला नाही, आज्याला नाही, गावच्या पाटलालाही नाही. फक्त मामाला. आता मामा म्हणजे काय, देणारा माणूस. बारशाला दे, जावळाला दे, लग्नाला दे. त्याला घ्यायला म्हणून एवढा एक मान मिळतो, तर तो त्यानं जपू नये का? मी जपला. लई जपला.

मी निमगाव सावाचा. बहीण दिली होती पेठेला, पुणे-नाशिक सडकेवर. पेठेच्या लोकांना आपण सडकेवर राहतो याचाच मोठा अभिमान. जणू सडक त्यांच्या आज्यानं बांधली. आमचे आईबाप पटकीच्या साथीत एका आठवड्यात गेले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि ती नऊची. पुढं तिला मीच वाढवली. वाढवली म्हणजे रोज तिच्याशी भांडलो आणि सणावाराला नवं लुगडं आणलं. लग्नही मीच करून दिलं. पहिलं बाळंतपण खरं म्हणजे माहेरी व्हायचं, पण माझ्या घरात बाईमाणूस म्हणून होती ती माझी बायको, आणि ती तेव्हा स्वतःच पोर. भाकरी थापायला बसली की आधी हात भाजायचा, मग भाकरी. तिच्या भरवशावर बाळंतीण कोण आणणार? म्हणून बाळंतपण पेठेलाच झालं, जेठ महिन्यात. मुलगा झाला.

बाराव्या दिवशी मी बारशाला गेलो. कुंची, झबली, अंगडी, चांदीचे वाळे, बाळंतविडा, बहिणीला लुगडं, तिच्या सासूला लुगडं, सगळं घेऊन गेलो. कुणी नाव ठेवू नये असं केलं. मग आहेराची वेळ आली. बहिणीची नणंद नवऱ्यासह आली होती. त्या नवऱ्याला बहिणीच्या सासूनं लाल काठाचं मुंडासं बांधलं. नंतर माझी पाळी. माझ्या खांद्यावर उपरणं आलं.

उपरणं! मी मुलाचा मामा. कार्य कुणाचं? माझ्या भाच्याचं. मुंडासं कुणाला? जो माणूस सकाळपासून ओसरीवर पान खात बसला होता त्याला. मी सासूकडं बघितलं. ती म्हणाली, "घ्या की पावणं, सोयऱ्याधायऱ्यांत काय कमीजास्त बघायचं." हे ज्याला जास्त मिळालं त्याला सांगायला सोपं असतं. मी उपरणं घडी करून पाळण्याच्या दांडीवर ठेवलं, वहाणा घातल्या आणि न जेवता निघालो. बहीण आतून "दादा, दादा" करत दारापर्यंत आली. बारा दिवसांची बाळंतीण, तिला उंबरा ओलांडता येईना. मी मागं वळून बघितलं नाही.

लोकांना वाटतं रुसायला अक्कल लागत नाही. पण रुसवा धरला की तो सांभाळावा लागतो. चार दिवस नुसतं गप्प बसलं तर तो आपसूक उतरतो, मग पंचाईत. म्हणून मी ही हकिकत गावात सगळ्यांना सांगितली. न्हाव्याला सांगितली, मोटेवरच्या गड्याला सांगितली, देवळात भजनाला आलेल्यांना सांगितली. सांगता सांगता उपरणं आखूड होत गेलं. दिवाळीपर्यंत त्याचा हातरुमाल झाला होता, आणि माझा त्याच्यावर विश्वासही बसला होता.

आता नियम काय आहे तर रुसलेल्या पाहुण्याला यजमानानं घरचं माणूस पाठवून न्यायला यायचं. तसं कुणी आलं नाही. आला तो जुन्नरचा मन्यार.

हा मन्यार म्हणजे आमच्या भागातला मुसलमान बांगडीवाला. तट्टावर बांगड्यांच्या पेट्या लादून जुन्नरहून निघायचा, नारायणगाव, मंचर, पेठ करत खाली जायचा आणि येताना आमच्या बाजूनं यायचा. गावोगावच्या लेकीबाळींचा हात हातात घेणारा परका पुरुष म्हणजे तोच एक, म्हणून त्याला सगळ्या बाया दादा म्हणायच्या. कुठली लेक कुठं दिली, कुणाला कोणता महिना, सगळं त्याला पाठ. बोलायला लागला की थांबायचा नाही. बांगडी भरताना फुटली तर "फुटली" म्हणायची नाही, "वाढली" म्हणायची, हे तर बायकांना माहीतच असतं. पण हा माणूस सगळंच असं गोड करून सांगायचा. दुष्काळालासुद्धा त्यानं "यंदा जरा कोरडं साल" म्हटलेलं मी ऐकलं आहे.

मार्गशीर्षात तो आला. माझ्या बायकोच्या हातात बांगड्या चढवता चढवता म्हणाला, "भाऊ, भाच्याला सहावा लागला. ताई वाट बघत्यात उष्टावणाची."

"आवतण कुणी दिलंय?"

"मी सांगतोय की."

"तुमी बांगड्या भरायला आलाय. आवतण द्यायला घरचं माणूस लागतं."

"व्हय, ते बी खरं," तो म्हणाला, आणि त्यानं पुढची बांगडी घेतली. कुणाचंही म्हणणं त्याला खरंच वाटायचं. त्यामुळं त्याच्याशी भांडता यायचं नाही, याचा मला राग यायचा.

पौषात पुन्हा आला. वेळ नव्हती त्याची, पण आला. पेट्या न उतरवताच ओट्यावर टेकला.

"भाऊ, ताईला हिवताप झाला व्हता."

मी हातातला कोयता खाली ठेवला.

"आता उतरलाय. पण दूध गेलं त्यांचं. पार आटलं. शेळीचं पाजत्यात, ते पोराला सोसत न्हाई. पोर वाळलंय."

"मग काहीतरी भरवा म्हणावं की."

"उष्टावण न्हाई ना झालं. सासूबाई म्हणत्यात, मामा आल्याबिगर दाणा न्हाई. रीत हाय."

मला वाटलं, आत्ताच उठावं आणि निघावं. खोटं कशाला सांगू, वाटलं. त्याच वेळी मनात असंही आलं की आता आली म्हातारी वळणावर. मी म्हणालो, "मग पाठवा म्हणावं कुणाला तरी. मी काय न्हाई म्हणतोय?"

मन्यारानं उठून तट्टाची दोरी कसली. मग म्हणाला, "मुंडासंच पायजे ना? मी देतो राव जुन्नरातनं आणून. घाला आन चला."

"तुमच्याकडनं कशाला? ज्यानं चुकवलं त्यानं द्यावं."

"पोराला मुंडाशातलं काय कळतंय, भाऊ?"

"मला कळतंय."

तो गेला. आपण जिंकलो असं मला वाटलं. संध्याकाळी माझी बायको, जी वर्षभरात माझ्याशी दहा शब्द बोलली नसेल, ताटात भाकरी वाढताना म्हणाली, "मी जाऊ का पेठेला? मी भरवीन."

"तू मामी. मामीला कुठला मान?"

"भूक लागल्यावर मामी काय आन मामा काय."

मी तिला भाकरीकडं लक्ष द्यायला सांगितलं. भाकरी करपलीच होती, त्यामुळं बोलायला जागाही होती.

माघ सरत आला तेव्हा मन्यार तिसऱ्यांदा आला, आणि या वेळी तो बोललाच नाही. मुकाट्यानं पेटी उघडली, मुकाट्यानं बायकोचा हात धरला. त्याच्या हातून एक बांगडी वाढली. मग दुसरी. मग तिसरी. या माणसाच्या हातून एका बैठकीत तीन बांगड्या गेलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या.

मी विचारलं, "पेठेला गेला व्हता?"

"गेलो व्हतो."

"भाचा कसाय?"

त्यानं मान खाली घातली. काचा गोळा करत राहिला. "मला नका इचारू, भाऊ. मी शबूद दिलाय. तुमी सोता जाऊन बघा."

"म्हंजे काय?"

"सोता जाऊन बघा," एवढंच तो पुन्हा म्हणाला, आणि पाणीसुद्धा न पिता तट्टू हाकून गेला. मी त्याच्यामागं वेशीपर्यंत ओरडत गेलो. त्यानं वळून पाहिलं नाही.

जो माणूस दुष्काळाला कोरडं साल म्हणतो, त्याला ज्या गोष्टीसाठी गोड शब्द सापडत नाही ती गोष्ट काय असेल? मी हिशेब केला. पोर गेलं असणार. माझ्या बहिणीचं पोर गेलं, भुकेनं गेलं, आणि मी इथं उपरण्याची लांबी मोजत बसलोय. बायकोनं फडक्यात भाकरी बांधून दिली, ती मी घ्यायची विसरलो.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला निघालो. नारायणगावापर्यंत कुणाशी बोललो नाही. तिथं एक ओळखीचा भेटला, "काय राव, कुणीकडं?" म्हणाला, तर मी तसाच पुढं गेलो, तो पुढं वर्षभर माझ्याशी बोलत नव्हता, आणि मला कारण कळायला तेवढंच वर्ष लागलं. कळंबला घोडनदी ओलांडली. मंचरला दुकानापुढं थांबलो. पोरासाठी खाऊ घ्यावा असं मनात आलं. खडीसाखरेकडं बोट केलं, आणि मग वाटलं, घेतली आणि तिथं गेल्यावर द्यायला कुणी नसलं तर ही पुडी मी काय करू? दुकानदार तराजू घेऊन बसला होता. मी तसाच निघालो. अवसरीचा घाट चढताना बहिणीला काय म्हणायचं ते ठरवत होतो. काहीच ठरलं नाही. "मला मारा" एवढंच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं.

दिवस कलायला लागला तेव्हा पेठेत शिरलो. बहिणीच्या घरापुढच्या ओट्यावर एक पोर बसलं होतं. चांगलं गुबगुबीत, दंडाला वळ्या पडलेलं, उघडंबंब. मुठीत बाजरीच्या भाकरीचा पापुद्रा, आणि तो ते खालच्या दोन दातांनी असं ओढत होतं की कान हलत होते. शेजारी बहिणीची सासू वाकळ शिवत बसली होती.

मी विचारलं, "हे कुणाचं पोर?"

म्हातारीनं सुई थांबवली. "तुमचाच भाचा की पावणं. आनकी कुणाचा?"

मी तिथंच मातीत बसलो आणि रडलो. पागोट्याच्या शेवाला डोळे पुसले, पुन्हा रडलो. लाज वाटली नाही. पोर माझ्याकडं बघत होतं आणि ओढायचं थांबत नव्हतं. जिवंत होतं, आणखी काय पाहिजे होतं मला?

तर पाहिजे होतं. डोळे कोरडे झाले तशी मला भाकरी दिसली.

"ही भाकर कुणी दिली याला?"

"कंची भाकर?" म्हातारी म्हणाली.

"त्याच्या हातातली."

"ती व्हय? ती भाकर न्हाई. दात शिवशिवत्यात त्याचं. चघळायला दिलीय."

"चघळतोय कुठं? गिळतोय तो!"

"गिळत न्हाई. जातं आपसूक आत." तिनं सुईत दोरा ओवला. "उष्टावण झाल्याबिगर अन्न द्यायची पद्धत न्हाई आमच्यात. आमी काय रीत मोडणारी माणसं न्हाई."

तेवढ्यात आतून बहीण आली. हातात वाटी. मला बघून जागच्या जागी थांबली, मग काही झालंच नाही अशी पोराजवळ येऊन बसली आणि त्याला भरवायला लागली. वाटीत नाचणीचं सत्त्व होतं, चांगलं घट्ट, वर तूप.

"हे काय?"

"औषध."

"औषधात तूप?"

"आन गूळ," ती म्हणाली. "कडू लागू नये म्हणून."

"नाचणी कधीपासनं कडू झाली?"

"नाचणी न्हाई दादा, औषध. औषध कडूच असतंय."

मग एकेक बाहेर आलं. मी विचारत गेलो आणि त्या दोघी सांगत गेल्या, एकीचं वाक्य दुसरी पुरं करत. मुगाचं कढण पोराला सकाळी मिळायचं. त्याला त्या घरात काढा म्हणत. जुन्नरहून मन्यारानं खजूर आणला होता, तो कुस्करून द्यायचे, ती गुटी. भाताची पेज म्हणजे पाणी. मी म्हणालो, ठीक आहे, पेजेला पाणी म्हणा, पण ओट्याच्या कोपऱ्यात त्या भांड्यात मला मऊ भात दिसतोय, त्याला काय म्हणता? म्हातारी म्हणाली, "ते बी पाणीच. जरा दाट झालंय."

असा माझा भाचा दीड महिना दिवसातून पाच वेळा काहीही न खाता जगत होता.

आता कुठल्याही शहाण्या माणसाला आनंद झाला असता. मला राग आला. मला फसवलं असं वाटलं. मी घाटात "मला मारा" म्हणत आलो आणि इथं यांनी माझा मान भाकरीला लावून पोराच्या हातात दिला होता. मी उठलो आणि मातीत बसताना निघालेल्या वहाणा घालायला लागलो. पुन्हा रुसायचं ठरवलं होतं मी. अंगठा वहाणेत जात नव्हता, म्हणून वाकलो, तर माझं तोंड ओट्याच्या बरोबरीला आलं. पोरानं आपल्या तोंडातला भाकरीचा तुकडा काढला, बघितला, आणि माझ्या तोंडात घातला.

सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मी तो खाल्ला.

"घ्या," म्हातारी म्हणाली. "भाच्यानंच मामाचं उष्टावण केलं."

आणि माझी पंचाईत झाली. कारण रुसलेल्या पाहुण्यानं त्या घरचा घास घेतला की रुसवा संपला, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. म्हातारी माझ्याकडं बघत होती, बहीण बघत होती. मी वहाण हातात धरून म्हणालो, "मी खाल्लं न्हाई. नुसतं चघळलं."

बहीण हसायला लागली. हसता हसता तिनं पदर तोंडात कोंबला, पण हसू थांबेना. म्हातारीचं पोट हलायला लागलं. मग मलाही आवरेना. पोर आमच्या तिघांकडं बघून आणखी भाकरी मागायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उष्टावण. मुहूर्त बघायला कुणी गेलं नाही. घोडेगावच्या बाजूचा आंबेमोहोर होता, त्याची खीर केली. मेहुण्यानं शेजारची चार घरं बोलावली. म्हातारीनं पेटीतनं मुंडासं काढून माझ्या डोक्याला बांधलं. लाल काठाचंच होतं. बारशाच्या पुढच्या बाजारालाच मंचरहून आणून ठेवलं होतं म्हणे. मी विचारलं, मग पाठवलं का नाही? ती म्हणाली, "तुमी आला असता तर दिलं असतं." मला ती बाई त्या क्षणी पहिल्यांदा आवडली. अगदी माझ्यासारखी होती.

पोराला मांडीवर घेतलं. बायकांनी ओवाळलं. मी अंगठी खिरीत बुडवली आणि त्याच्या जिभेला लावली. त्यानं ती चाखली, तोंड वेडंवाकडं केलं आणि खीर माझ्या नव्या मुंडाशावर थुंकली. पुन्हा लावली, पुन्हा थुंकली. आणि शेजारणीच्या ताटातल्या भाकरीकडं हात करून ओरडायला लागला.

जमलेल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सगळ्या आळीनं त्याला दीड महिना ओट्यावर बसून भाकरी ओढताना पाहिलं होतं. म्हातारीनं घसा साफ केला आणि म्हणाली, "सवय न्हाई त्याला. पहिलाच घास हाय."

"व्हय बाई," शेजारीण म्हणाली, "कधी खाल्लंच न्हाई बिचाऱ्यानं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मेहुणा खोकत खोकत परसात निघून गेला.

तिसऱ्या दिवशी मी निघालो. पोराला कडेवर घेऊन बहीण सडकेपर्यंत पोचवायला आली. मला अजून एक गोष्ट टोचत होती. मान राहिला होता, मुंडासं डोक्यावर होतं, तरी माणसाला खाजवल्याशिवाय राहवत नाही. मी म्हणालो, "आता खरं सांग. पहिल्यांदा कधी दिलंस त्याला?"

तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मार्गशीर्षाच्या अवसेला माझं दूध गेलं," ती म्हणाली. "मी थांबले, दादा. खरंच थांबले. शेळीचं दूध पाजलं की तो वकायचा. रातंदिस रडायचा. मी म्हणायची, रडू दे, तेवढा जोर तरी हाय. तू येशील म्हणून रोज सडकेवर बघायची. पुनव आली. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं रडायचं सोडलं."

मी पोराचा पाय हातात घेतला.

"नुसता पडून बघायचा. माझ्याकडं बी न्हाई, वर आढ्याकडं. मी आत्याबाईंच्या पाया पडले." सासूला ती आत्याबाई म्हणायची. "म्हटलं, रीत मोडू द्या, पाप मला लागू द्या. त्या उठल्या, चूल पेटवली, नाचणी ठिवली. बोटानं त्यांनीच लावली त्याच्या व्हटाला. आन मला म्हणाल्या, हे औषध हाय. या घरात कुणी याला अन्न म्हणायचं न्हाई. पहिला घास तुझ्या भावाचा हाय, तो त्याच्यासाठी ठिवायचा. मन्यारदादांना बी शपथ घातली, तुला कळू द्यायचं न्हाई म्हणून. तुला वाईट वाटंल म्हणून."

मला वाईट वाटेल म्हणून! ज्या बाईची मी आठ महिने गावभर निंदा केली, ती चुलीपुढं बसून माझा मान राखत होती. मला तिथंच सडकेवर मेल्यासारखं झालं. तरी विचारलंच, "आन मी आलोच नसतो तर?"

"तर जन्मभर औषधावर वाढला असता," बहीण म्हणाली. "घास तुझाच व्हता."

पोर माझ्या मुंडाशाचा शेव तोंडात घालून चघळत होतं. मी तो काढून घेतला नाही. मग तिनंच सोडवला, म्हणाली, "जा आता, ऊन व्हईल," आणि परत फिरली.

अवसरीचा घाट उतरताना मी दिवस मोजले. मार्गशीर्षाची अवस. मग पौषाची पुनव. मग पुनवेचा दुसरा दिवस. तो दिवस मला चांगला आठवला. त्या दिवशी सकाळी आमच्या मळ्यात हुरडा होता. आठ-दहा जण जमलो होतो, आगटी चांगली पेटली होती, ज्वारी दुधाळ होती, सोबत गूळ आणि लसणाची चटणी. मी पोटभर खाल्लं. कुणीतरी आणखी एक कणीस चोळून माझ्यापुढं धरलं, तेव्हा मी हात आडवा केला आणि म्हणालो, "बास राव, आता दाण्याला जागा न्हाई."